मॅडमच्या टाक्यातलं क्लोरीन

१४ एप्रिल, संध्याकाळी सात

आज जयंती. सकाळी नवा निळा कुर्ता घालून रॅलीत गेले, आणि संध्याकाळी त्याच कुर्त्यावर कामाला रुजू झाले. चांगल्या दिवशी सुरू केलेलं काम टिकतं.

काम असं: सत्यशीला मॅडमच्या घरच्या स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन योग्य पातळीवर ठेवणं. मॅडम नेरला आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरला. यवतमाळात आर्णी रोडच्या बंगल्यातली मागची खोली तीन वर्षं मला राहायला दिली, अजूनही मी तिथेच आहे. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यांसाठी रोज पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून त्यांनी घरामागे पूल बांधला. वीस फूट लांब, दहा रुंद, चार खोल. घरात धुणं-भांडी करणाऱ्या रुखमाबाई त्याला टाकं म्हणतात.

खरं तर मॅडमना हे काम बाबांना द्यायचं होतं. बाबांनी आमच्या ग्रामपंचायतीत सव्वीस वर्षं विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली. पण मी म्हणाले, मॅडम, बाबांचं वय झालं, आणि ते सगळं अंदाजाने करतात, मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. मॅडम एकसष्ट.

हे बोलायला नको होतं. पण अंदाज वेगळा आणि मोजमाप वेगळं, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

रजिस्टर आखलं. रकाने: दिनांक, वेळ, क्लोरीन, शेरा, तपासणी अधिकारी यांची सही. शंभर पानं एका बैठकीत आखली.

संकल्प: १) रोज दोनदा रीडिंग. २) या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. म्हणून पूलमधलं एक थेंबही पाणी वाया घालवणार नाही, कधीही उपसणार नाही. ३) कुठल्याही परिस्थितीत खरं बोलणार.

पावडरसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय की सुरुवातीला मोठा डोस द्यावा. अर्धा किलो दिला. कुर्त्याची उजवी बाही पाण्यात बुडाली. वाळेल.

१५ एप्रिल, सकाळी सहा

पहिलं रीडिंग. किटमधली काचेची नळी पूलच्या पाण्याने भरायची, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी जितकं गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त. एक ते तीन असलं की उत्तम.

थेंब टाकल्याबरोबर क्षणभर गुलाबी झाल्यासारखं वाटलं. मग लगेच पांढरं स्वच्छ. भास असावा, सकाळची वेळ होती. क्लोरीन: शून्य.

अर्धा किलो पावडर गेली कुठे? उन्हाने खाल्ली. उन्हात क्लोरीन उडून जातं, हे पुस्तिकेतही आहे. (काल टाकली संध्याकाळी. पण हल्ली सूर्य मावळल्यावरही उकडतं.) दोन मापं टाकली.

निळ्या कुर्त्याची बाही कोपरापर्यंत पांढरट झाली आहे. धुऊन दोरीवर टाकला, तरी तशीच. सेलमधलं कापड असंच निघतं.

१८ एप्रिल

सकाळ शून्य, संध्याकाळ शून्य. तीन मापं.

रुखमाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, पोरी, टाक्याच्या पाण्याले लय वास येऊन राह्यला, आमच्या नळाले टीसीएल टाकते तवा येते तसा. मी त्यांना नीट बसवून समजावलं. मी मोबाईलवर वाचलं आहे की तीव्र वास येणं म्हणजे क्लोरीन कमी पडल्याचं लक्षण. सामान्य माणसाला हे उलटं वाटतं, पण विज्ञान असंच असतं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, बरं माय, तू शिकेल हाय.

समजावून सांगितलं की लोकांना पटतं. चार मापं टाकली.

२१ एप्रिल

ऊन बेचाळीस. उपाय सापडला: ताडपत्री. सकाळी मॅडमचं चालणं झालं की पूल पूर्ण झाकायचा, सूर्याला एक कणही क्लोरीन द्यायचं नाही. कल्पना माझी स्वतःची.

काठावरचे बेडूक दिसेनासे झाले. शिस्त आली की असा फरक पडतो.

२४ एप्रिल

ताडपत्री टाकूनही शून्य. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला, तिथूनच सामान येतं. तो म्हणाला, होते मॅडम उन्हाळ्यात असं, दहा किलोचा डबा पाठवून देऊ का? मला कुणीतरी पहिल्यांदा मॅडम म्हणालं. हो म्हटलं.

२६ एप्रिल

मॅडमचे डोळे लाल. ऊन लागलं म्हणतात. कांद्याचा रस तळपायाला लावायचा सल्ला दिला. हा सल्ला शास्त्रीय नाही, पण घरगुती गोष्टींनाही मान द्यायला हवा.

मॅडमच्या केसांचा काळा रंग जाऊन तांबूस झाला आहे. मी म्हणाले, मॅडम, छान दिसतं. खरंच छान दिसतं.

२९ एप्रिल, दुपारी

आज वाईट दिवस. आणि माझी चूक नाही. तरी लिहून ठेवते.

मॅडमचा पोहण्याचा ड्रेस गर्द निळा होता. आज बघितलं तर त्याच्यावर पांढरे ढग. मरून टॉवेल फिकट गुलाबी झालेला. मॅडमनी रुखमाबाईंना बोलावून विचारलं की बादलीत ब्लीच टाकलं का. रुखमाबाई म्हणाल्या, नाही मॅडम, बावीस वर्षं झाले लोकायचे कपडे धुऊन राह्यली, साबणाच्या वर काही टाकत नाही मी.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, दीपा, तू केमिस्ट्रीची, तूच सांग, रंग कशाने जातो असा?

मी म्हणाले, ब्लीचने.

हे शंभर टक्के खरं आहे. मी कुणाचं नाव घेतलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

मॅडम रुखमाबाईंना म्हणाल्या, उद्यापासून येऊ नको, मला खोटं चालत नाही. रुखमाबाईंनी पदराला हात पुसले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चपला घातल्या. भांडी अर्धी घासून झाली होती. उरलेली मी घासली.

संध्याकाळी: शून्य. सहा मापं.

३० एप्रिल

समजा पूलच्या पाण्यानेच रंग गेला असेल, तर? विचार आला. पण शून्य क्लोरीन रंग कसा घालवेल. शून्याला शून्याने कितीही गुणा. विचार सोडून दिला.

तरी निळा कुर्ता घडी करून पेटीत सगळ्यात खाली ठेवला. लपवला नाही. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे लागत नाहीत.

संकल्प: रुखमाबाई येईपर्यंत धुणं मी करणार. कामाला लाज नाही.

२ मे

धुणं केलं. मॅडमचा दुसरा टॉवेल हिरवा होता. साध्या साबणाने धुतला, अर्धा तास चोळला. वाळल्यावर पिस्त्याच्या रंगाचा झाला.

साबण बदलायला हवा. मॅडमना टॉवेल दाखवला नाही, नुकताच एक मनस्ताप झाला आहे त्यांना. टॉवेल पेटीत, कुर्त्याच्या वर.

३ मे

रुखमाबाईंचं घर पाच मिनिटांवर आहे. जाऊन चौकशी करणार होते. ऊन त्रेचाळीस. उद्या.

४ मे

ऊन चव्वेचाळीस. त्यांच्याही झोपेची वेळ असते दुपारी.

५ मे

सकाळी गेले. वळणापर्यंत. त्या हापशीवर बायकांमध्ये उभ्या होत्या, हसत होत्या. म्हणजे बऱ्या आहेत. चारचौघींत विषय काढून त्यांना अवघडून टाकणं बरं नव्हतं. परत आले. मन हलकं झालं, अर्धा तास.

शून्य. सात मापं.

७ मे

मॅडम आज पाण्यात वीसऐवजी दहाच मिनिटं चालल्या. अंगाला खाज सुटते म्हणाल्या. डॉक्टरांकडून मलम आणि डोळ्यांचे थेंब आणले. तरी मलाच म्हणाल्या, दीपा, तू किती धडपडतेस गं, सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन. तुझ्यामुळे मला पाण्याची काळजी नाही.

जेवताना अर्धं ताट तसंच उरलं. वांग्याची भाजी मीच केली होती, कदाचित म्हणून.

ठरवलं: उद्या मॅडमना सांगायचं की ड्रेसचा रंग जाण्याची इतरही कारणं असू शकतात. कारणांची यादी करते आहे. पाच झाली. सहावं लिहिलं आणि खोडलं.

८ मे

सांगणार होते. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले होते, डोळे मिटून पडल्या होत्या. डोळे मिटलेल्या माणसाला काय सांगायचं.

१० मे

बाबांचा फोन. बुद्ध पौर्णिमेला येतो म्हणाले. मी म्हटलं, उन्हाचं कशाला येता. ते म्हणाले, तुह्यं साहेबपण पाह्याले येतो.

गावात एस.टी. थांब्यावर अजून माझा फ्लेक्स आहे. गावातील पहिली पदवीधर कन्या. फोटोतला कुर्ता वेगळा आहे, बरं झालं.

१२ मे, दुपारी तीन

बुद्ध पौर्णिमा. सकाळी बाबांसोबत विहारात जाऊन आलो. मॅडम बहिणीकडे जेवायला गेल्या. बाबांना पूल दाखवला, रजिस्टर दाखवलं. अठ्ठावीस दिवस, एकही खाडा नाही, प्रत्येक ओळीत शून्य आणि माझी सही. बाबा म्हणाले, अक्षर मोत्यावाणी हाय.

मग ताडपत्रीचं टोक उचलून वाकले. हात बुडवला नाही. नुसतं नाक खाली नेलं आणि मागे घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, दीपे, काय टाकून राह्यली वं यात?

मी पूर्ण पद्धत सांगितली. नळी भरून दाखवली. पांढरी स्वच्छ. बघा, म्हटलं, शून्य.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी बाटली काढली. ओटी टेस्टची. विहिरीच्या पाण्यात त्यातले थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं, म्हणजे क्लोरीन आहे. कामावरून उतरून वर्ष झालं, तरी बाटली खिशात. जुनी पद्धत, आता कुणी वापरत नाही, हे मी त्यांना सांगतच होते.

नळीत पूलचं ताजं पाणी घेऊन त्यांनी थेंब टाकले. पाणी पिवळं झालं नाही. नारिंगी झालं, मग विटकरी.

बाबांनी नळी उजेडाकडे धरली. मग म्हणाले, सव्वीस वर्षांत इहिरीच्या पाण्याले असा रंग नाही पाह्यला मी. बकिटीत पावडर कालवून ठेवतो ना आपण, त्या बकिटीले येते असा. हे टाकं नाही, बकीट होय.

मी म्हटलं, पण माझी नळी पांढरी आहे. ते म्हणाले, तुह्या नळीतला रंग खाऊन टाकला असन त्यानं. साडीचा खाते तसा. एक हिस्सा टाक्यातलं घे, नऊ हिस्से प्याचं पाणी घे, मंग पाह्य.

घेतलं. थेंब टाकले. इतकं गडद गुलाबी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दहापट पाणी घालूनही तक्त्याच्या शेवटच्या रंगाच्या पुढे.

म्हणजे पहिल्या दिवशीपासून. रोज. शून्य नव्हतंच. इतकं होतं की औषधाचाच रंग उडत होता. आणि मी टाकत होते. वर झाकून.

डायल्यूशन हे पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल. माझ्या जर्नलमध्ये त्या पानावर सरांचा शेरा आहे: उत्तम.

संध्याकाळी सहा

बाबांनी ताडपत्री ओढून काढली. म्हणाले, आता काही टाकू नोको. ऊनच खाईन त्याले. मॅडमले चार दिवस पाण्यात उतरू देऊ नोको.

मग विचारलं, रुखमाबाई कुठं गेली? मागच्या खेपेला चहा पाजला होता तिनं.

मी सांगितलं. सगळं नाही. मग सगळं.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पिशवी उचलली, म्हणाले, पाच वाजताची गाडी गेली, सातची भेटन. दारात थांबून म्हणाले, सांगशीन ना मॅडमले? मी म्हटलं, आजच.

रात्री आठ. मॅडम आल्या. बहिणीकडची खीर आणली होती माझ्यासाठी. पोटभर जेवण झालेल्या माणसाचं मन मोडू नये. उद्या.

१३ मे

मॅडमना सांगितलं की पाण्याला चार दिवस विश्रांती द्यायची आहे. त्या म्हणाल्या, असं असतं का? मी म्हटलं, प्रगत देशांत असतं.

दुपारभर पूलच्या काठावर बसून पाण्याकडे बघितलं. ज्या सूर्याला महिनाभर शत्रू मानलं, त्याच्याच भरवशावर आहे. एकोणतीस दिवसांत पाण्याच्या भल्याचं पहिलंच काम केलं: काहीच केलं नाही.

१४ मे

मॅडमसाठी निवेदन लिहून काढलं. चार पानं. पहिली दोन क्लोरीनच्या रसायनशास्त्रावर. रुखमाबाईंचं नाव चौथ्या पानावर येतं, खालून तिसऱ्या ओळीत.

वाचून बघितलं. यात रंग मी घालवला असं कुठेच लिहिलेलं नाही. रंग जातो. रंग जाण्याची प्रक्रिया घडते. फाडलं.

१५ मे

मॅडमचे डोळे निवळले. म्हणाल्या, बघ, औषधाने गुण आला. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नाही.

आहे.

१६ मे, सकाळी अकरा

पेटीतून कुर्ता आणि टॉवेल काढले. पिशवीत भरले. आधी रुखमाबाईंकडे. आज वळणावर थांबले नाही.

त्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. ये पोरी, म्हणाल्या, बस, उन्हाची आली. जणू काही झालंच नाही. माठातलं पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली, पण पाठ केलेलं काहीच आठवलं नाही, म्हणून पिशवी उघडून कुर्ता त्यांच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाले, हा तुम्ही कधी धुतला नाही. मीच धुते माझे कपडे. तरी याचा रंग गेला.

त्यांनी बाहीवरून हात फिरवला. म्हणाल्या, मालूम हाय मले. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत होता, तवाच पाह्यला. म्हटलं, टाक्याचंच काम हाय हे.

 मग मॅडमना का नाही सांगितलं, विचारलं.

त्या तूर निवडत राहिल्या. म्हणाल्या, तू मोबाईलात तुह्या गावचा तो मोठा फोटो दाखवला होता ना मले, फलकावरचा. तुह्या बापानं हार घातला होता त्याले. कपडे धुवाचं काम काय, मले कुठंही भेटते. तुले पह्यलंच भेटलं होतं.

मग म्हणाल्या, अन् मी सांगतलं तवा तू ऐकलं का? मलेच शिकवत बसली की वास येते म्हणजे औषध कमी पडते. मी घरी येऊन पोराले सांगतलं तर हासला तो.

मीही हसायला हवं होतं. नाही जमलं. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. पदराला साबणाचा वास होता, नुसता साबणाचा.

दुपारी एक

मॅडमना सांगितलं. चार पानं लागली नाहीत. तीन वाक्यं: पाण्यात औषध मी जास्त टाकलं. रंग त्याने गेला. तुम्ही विचारलं तेव्हा मी आळ रुखमाबाईंवर जाऊ दिला.

मॅडमनी आरशासमोर जाऊन स्वतःचे केस बघितले. मग पायात चपला घातल्या. मी विचारलं, कुठे? त्या म्हणाल्या, मला खोटं चालत नाही असं मी त्या बाईला तिच्या तोंडावर म्हणाले होते. आता काय, तुला पाठवू माफी मागायला?

दुखऱ्या गुडघ्यांनी उन्हात चालत गेल्या. छत्री घेऊन मी मागे. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, मला बाहेर उभं केलं होतं.

१७ मे

निर्णय झाला. रुखमाबाई सोमवारपासून येणार. त्यांनी एक अट घातली, म्हणाल्या, टाक्याचं पाणी रोज मीच पाह्यन. मॅडम लगेच हो म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, दीपा, तू हिला नळी वापरायला शिकव. आणि शिकवताना ऐक.

मला काढून टाकलं नाही. धुणं माझ्याकडे.

मी म्हटलं, मॅडम, मी राजीनामा देऊ का? त्या म्हणाल्या, कशाचा?

१९ मे, सकाळी सात

रुखमाबाईंना नळी भरायला शिकवली. एकदाच सांगावं लागलं. थेंब टाकण्याआधी त्या पाण्याचा वास घेतात. हे पद्धतीत नाही, पण मी काही बोलले नाही. नळी उजेडाकडे धरली, तक्त्याशी लावली. फिकट गुलाबी. म्हणाल्या, दोन हाय वं. मॅडम पाण्यात उतरल्या, पूर्ण वीस मिनिटं चालल्या.

रजिस्टर मी लिहिलं. दिनांक, वेळ, क्लोरीन दोन. शेरा काय लिहू, विचारलं. त्या म्हणाल्या, लिही, पाणी बरं हाय. लिहिलं. मॅडमनी डोकावून बघितलं, म्हणाल्या, अक्षर खरंच छान आहे तुझं.

सहीची वेळ आली. रुखमाबाईंनी पेन मागून घेतला. मॅडमच्याच रात्रवर्गात कधीतरी शिकल्या होत्या. एकेक अक्षर काढत, जीभ दातांत धरून, तपासणी अधिकाऱ्याच्या रकान्यात पूर्ण नाव लिहिलं. रकाना भरला.

माझ्या सहीला जागा शोधली. शंभर पानं उलटून पाहिली. प्रत्येक पानावर सहीचा एकच रकाना आहे.